एकमताने पाठिंबा

॥ श्री ॥
कर्वेनगर, पुणे
१० जानेवारी २००७

ती. स्व. दादास,
शालूचा शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इथे पालिकेची निवडणूक तोंडावर आली आहे. आमच्या अठरा सोसायट्यांनी मिळून एक महासंघ काढलाय आणि हे त्याचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना सही करायला काही उरलं नव्हतं; आता शिक्कासुद्धा मिळाला.

महासंघ एका उमेदवाराला जाहीर पाठिंबा देणार, म्हणून क्लबहाऊसमध्ये मुलाखती झाल्या. वीस प्रश्न, शंभर गुण. मी बावीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून बेरजा माझ्याकडे. बिल्डर रावसाहेबांना आपला प्रभाग कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हेच सांगता येईना. त्यांना एकतीस. मागच्या वस्तीतल्या इंदुबाईंना अठ्ठ्याहत्तर. चार वर्षं पालिकेत खेटे घालून पाण्याची नवी लाइन त्यांनीच आणली. तिचं पाणी आम्हीही पितो.

पण वस्तीतून बसस्टॉपकडे जाणारी वाट आमच्या कॉलनीतून जाते. ती भिंत घालून बंद कराल का, असं कार्यकारिणीनं विचारलं. रावसाहेब म्हणाले, महिन्यात करतो. इंदुबाई म्हणाल्या, की तुमची भांडी घासायला बायका त्याच वाटेनं येतात, मग त्यांनी काय उडत यायचं?

दुसऱ्या दिवशी एकविसावा प्रश्न निघाला! 'निवडून येण्याची क्षमता', गुण साठ. रावसाहेबांना साठ, इंदुबाईंना भोपळा. आता ह्या सुधारित तक्त्यावर माझी सही हवी आहे. हे म्हणतात, उगाच हट्ट करू नकोस. काय करू?

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
शालू

वर्धा
१७ जानेवारी २००७

चि. सौ. शालूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मग हसू ओसरलं. तुझ्या दत्तप्रसादरावांना म्हणावं, निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका काढायची पद्धत आमच्या वर्ध्यात अजून आलेली नाही. पुणं फारच पुढारलेलं.

सही करू नकोस. संस्थेच्या सेक्रेटरीच्या मुलाला दोन गुण वाढवले नाहीस म्हणून तू बदली सोसलीस, तेव्हा मीच तुला हट्टी म्हटलं होतं. आज ते शब्द मागे घेतो. पण नुसती सही नाकारून घरात बसलीस, तर त्या मंडळींचं काही अडणार नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी वहिनी म्हणते, घरात अबोला धरला गेला तर चार दिवस इकडे ये. संत्री आली आहेत.

तुझा,
यज्ञेश्वरदादा

कर्वेनगर, पुणे
४ फेब्रुवारी २००७

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी सही केली नाही. तरी पत्रक छापून आलंच, 'रावसाहेबांना महासंघाचा एकमताने पाठिंबा'. मग मी मूळ तक्त्याच्या अठरा झेरॉक्स काढल्या, खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि प्रत्येक सोसायटीच्या फलकावर एकेक लावली. संध्याकाळपर्यंत सतरा फाडल्या गेल्या होत्या. ह्यांनी अबोला धरला. पहिले दोन दिवस मला रडू आवरेना, तुला म्हणून सांगते.

मतदान गुरुवारी होतं. शुक्रवारची रजा जोडून कॉलनीतली आयटीवाली पोरं महाबळेश्वरला गेली. त्यांच्यामागून कार्यकारिणीही गेली, ह्यांच्यासकट. पाठिंबा दिलाच होता, वर आणखी मतही द्यायचं? मी केंद्राबाहेर इंदुबाईंच्या टेबलाशी बसून मतदारांना यादीतली नावं शोधून देत होते. वस्तीतल्या बायका कामावर जायच्या आधीच रांगेत उभ्या होत्या. इंदुबाई त्र्याण्णव मतांनी आल्या.

काल कार्यकारिणी पुष्पगुच्छ घेऊन त्यांच्या दारात हजर! मी तिथेच होते. हे म्हणाले, की महासंघ मनातून आपल्याच पाठीशी होता. इंदुबाईंनी गुच्छ ठेवून घेतला आणि म्हणाल्या, की साहेब, लोकांच्या तक्रारी नंबरानं ऐकतेय, आपला तेविसावा. तीन निवृत्त अधिकारी सतरंजीवर मांडी घालून दीड तास बसले. नंबर आल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, की गुरुवारी आपण कुठल्या केंद्रावर मत दिलंत? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ह्या वेळी मात्र एकमत होतं.

परतताना हे पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, हे दादांना कळवू नकोस.

म्हणून आज सकाळीच लिहायला बसले. वहिनीला सांग, संत्री ठेव, मी येते आहे.

तुझीच,
शालू