लालजी झोपलेत, प्रेस बंद

३ नोव्हेंबर, सोमवार

उभ्या उभ्या झोपलो! पत्र्यातून वॉशर कापणाऱ्या तीन नंबरच्या प्रेससमोर. माणूस आला नव्हता म्हणून मीच चालवत होतो. पाच सेकंद असतील, सात असतील. गेटवरून वसंत "शेठ!" असा ओरडला म्हणून डोळे उघडले. उजवा हात डायपासून वीतभर लांब होता. नंतर पट्टी लावून मोजलं — नऊ इंच.

वसंत आतपर्यंत धावत आला, माझ्याकडे पाहिलं, परत गेटवर गेला. एक शब्द नाही. मी पट्टी शोधायला गेलो. त्याच्याशी मी "गाडी आली का" आणि "गाडी गेली का" याखेरीज बोलतो कुठे?

काल प्रबोधिनी एकादशी झाली. चार महिने झोपून देव उठले. मी वीस महिने जागा आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

रक्तदाब १७० वर ११०. डॉक्टर म्हणाले, "विश्वंभरभाई, कारखान्याला मालक हवा आहे की फोटोला हार?" मोहनाने घरी येऊन आधी रक्तदाबाच्या गोळ्या माझ्यासमोर ठेवल्या. मग म्हणाली, "अहो, मी शाळेत चाळीस पोरं सांभाळते, पण पाचला घरी येते. तुमची सात माणसं आणि चार मशिनं, आणि तुम्ही सकाळी सात ते रात्री नऊ!"

तिला कसं सांगू? मी तिथे उभा असलो की कुणाला काही होत नाही. नसलो तर — नसलो तरचा विचार करायचा नाही.

पण प्रामाणिकपणे लिहायचं तर गेल्या वर्षी मार्चमध्ये वसंतची दोन बोटं गेली तेव्हाही मी तिथेच उभा होतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अजब! समोरच्या कांचनबेन दोन महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेला निघाल्या. त्यांचे लालजी — पितळेचा रांगता बाळकृष्ण, माझ्या अंगठ्याएवढा — नणंदेकडे राहणार होते. नणंद काल जिन्यावरून पडली. टॅक्सी खाली उभी, भाई — कांचनबेनचे यजमान — हॉर्न वाजवतायत, आणि कांचनबेन आमच्या दारात, हातात बास्केट. "विश्वंभरभाई, तमे चोख्खा माणस छो." पुरावा काय? तरसालीतल्या आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करणारा मी एकटा.

आमच्याकडे पूजा म्हणजे दहा मिनिटं. आंघोळ घालायची, फूल वाहायचं, देव त्यांच्या कामाला, आपण आपल्या. पण यांचा देव घरातलं मूल! उठवायचा, खाऊ घालायचा, दुपारी पोढवायचा — म्हणजे निजवायचा — चारला पुन्हा उठवायचा. थंडीत टोपी. "आणि एकला नहीं मूकवाना," त्या टॅक्सीतून ओरडल्या. एकटं सोडायचं नाही.

मोहना सकाळी साडेसहाला शाळेत जाते. म्हणजे लालजी मकरपुऱ्याला येणार. माझ्याबरोबर. कारखान्यात.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी घेतली. (डॉक्टरांसाठी घेतली नाही. देवासाठी घेतली. याची नोंद असावी.)

दिवसभर बसून कार्यपद्धती लिहिली — "लालजी सेवा, आवृत्ती १". अकरा कलमं. दूध कोमट असावं, पण कोमट म्हणजे किती? कांचनबेनच्या फोनला रेंज नाही. शेवटी बेचाळीस अंश ठरवलं. मोहनाने कागद वाचला आणि म्हणाली, "खाली देवाची सही घ्यायची राहिलीय."

१० नोव्हेंबर, सोमवार

बास्केटला सीटबेल्ट लावून नेली. गेटवर वसंतने आत डोकावून पाहिलं आणि एकदम चप्पल काढली. त्याची आई मांडवीकडे एका हवेलीत, म्हणजे कृष्णाच्या मंदिरात, ठाकोरजींचे हार करायची, हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. घर मूळचं धुळ्याचं, पण तीन पिढ्या बडोद्यात. त्याला सगळं येतं.

माझ्या केबिनमध्ये फाइलींच्या कपाटावर जागा केली. दूध गरम केलं, भट्टीचं तापमान मोजतो ते थर्मामीटर बुडवून बघितलं. बेचाळीस.

एक वाजता बास्केटमध्ये गादी, उशी, वर रुमाल. सगळं अकरा कलमांप्रमाणे. आणि बाहेर चारही प्रेस — धाड, धाड, धाड! रुमाल हलत होता.

वसंत दारात उभा. "शेठ, ठाकोरजी पोढले की आवाज नाही चालत."

"किती आवाज?"

"जराय नाही. हवेलीत टाळीपण नाही वाजवत."

"मग काय करायचं?"

"बंद करायचं."

"कुठपर्यंत?"

"चार."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. मी जाऊन मेन स्विच खाली केला. बारावं कलम.

सातही माणसं माझ्याकडे बघत राहिली. पंधरा वर्षांत दिवसाढवळ्या इथे एवढी शांतता नव्हती. बाहेरच्या लिंबावर चिमण्या आहेत!

११ नोव्हेंबर, मंगळवार

अडीचला कॉम्प्रेसरने आपोआप हवा सोडली. फुस्स! सातही जणांनी तोंडावर बोट ठेवलं — कॉम्प्रेसरकडे बघून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गोरव्याच्या पंप कंपनीच्या केयूरचा फोन, दोन वाजता. आमचे निम्मे वॉशर त्यांच्याकडे जातात. मी कुजबुजत बोललो.

"काय झालं विश्वंभरभाई? कुणी गेलं का?"

"नाही, नाही. झोपलेत."

"कोण?"

काय सांगणार? "घरातलं मूल," म्हणालो.

"कारखान्यात?"

"हो. आवाज चालत नाही."

मग तोही कुजबुजत म्हणाला, "आणि माझा माल?"

१७ नोव्हेंबर, सोमवार

शेजारच्या शेडचा ग्राइंडर भर दुपारी किंचाळतो. मी विनंती करायला गेलो. तो म्हणाला, "तुमचे देव तुमच्या शेडमध्ये." बरोबर आहे, कायद्याने त्याचंच बरोबर. परत येऊन लालजींच्या कानांत कापूस घातला. मग वाटलं — आता माझं तरी यांना कसं ऐकू जाणार? काढला. मग वाटलं, मी काय सांगणार आहे असं? पुन्हा घातला. चार वाजेपर्यंत पाच वेळा झालं हे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

माणसं दुपारी झोपतात. पॅकिंगच्या पुठ्ठ्यांवर, ओळीने. मी जागा असतो. कुणीतरी बास्केटजवळ नको का? मांजर आलं तर?

संध्याकाळी मोहनाला सांगितलं. पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. "बाळ झोपलं की आईने झोपून घ्यायचं असतं. बायकांना हे पहिल्या आठवड्यात कळतं."

"आणि मांजर?"

"अहो, त्याने पूतना मारली, कालियावर नाचला. मांजराचं तो बघेल."

कार्यपद्धतीत याला आधार सापडत नाही. विरोधही सापडत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

झोपलो. दोन तास पन्नास मिनिटं! बास्केटशेजारी, पुठ्ठ्यावर.

चारला जाग आली ती घंटेने. वसंत उठवायला आला होता — मला नव्हे, लालजींना. घंटा त्याच्या उजव्या हातात. अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मी आडवा होतो, त्यामुळे हात अगदी डोळ्यांसमोर आला. तोंड फिरवायला जागाच नव्हती.

वीस महिन्यांत तो हात मी पहिल्यांदा बघितला. म्हणजे बघितला होता, पण असा नाही. शिवण बरी झाली आहे. घंटा छान वाजते.

३ डिसेंबर, बुधवार

केयूर स्वतः आला, दोन वाजता, तणतणत. त्यांची लाइन उद्या उभी राहील, दोन हजार वॉशर आत्ता हवेत. "चालू करा प्रेस! काय नाटक आहे हे?"

मी घाबरलो. खरं लिहितो — मी मेन स्विचकडे निघालो होतो. हे गिऱ्हाईक गेलं तर सातांतली तीन माणसं कमी करावी लागतील, आणि "आत्ताच्या आत्ता" हे शब्द कानावर पडले की माझे पाय आपोआप पॅनलकडे जातात. गेल्या वर्षीही असेच गेले होते.

पॅनलसमोर वसंत उभा. हाताची घडी घालून.

"वसंत, बाजूला हो."

"लालजी झोपलेत, शेठ."

"मला माहीत आहे. मीच निजवलंय त्यांना!"

"मग?"

मी पाय मागे घेतला. केयूर आमच्या दोघांकडे बघत होता. मग बूट काढून केबिनमध्ये गेला, रुमाल उचलून पाहिलं. बाहेर येऊन म्हणाला, "टोपी कोणी विणली?" मोहनाने, म्हणालो. "आमच्या बा विणायच्या अशी." खुर्चीत बसला. "चार म्हणजे चारला चालू?" चारला, म्हणालो. तीन वाजता तो घोरत होता!! वसंतने हलकेच त्याची खुर्ची किंचित फिरवली, आवाज भिंतीकडे जावा म्हणून.

चारला त्याला अर्धं केळं प्रसाद दिलं. सहाला माल घेऊन गेला. एक वॉशर नापास नाही. गेल्या तीन आठवड्यांत नापास माल निम्म्याने कमी झालाय. याचं श्रेय देवाला द्यायचं की झोप झालेल्या माणसांना? ठरवता येत नाही. दोघांना अर्धं अर्धं देऊन झोपतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

हे लिहू की नको? लिहितो.

आज दुपारी झोप येईना. साडेतीनला उठून बास्केटजवळ बसलो आणि बोललो. हळू आवाजात. झोपलेल्या देवाला सांगणं ही पळवाट आहे का, असा विचार आला. असेल. जागा असता तर मला बोलता आलं नसतं.

म्हणालो — त्या दिवशी वसंतने विचारलं होतं, गार्ड काढू का. गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. तिच्यामुळे काम हळू होतं. पोलिसांना आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरला मी सांगितलं, त्याने स्वतः काढला. त्याने ते नाकारलं नाही. पण तो विचारत होता, आणि मी म्हणालो होतो, "काढ, नाहीतर आज होणार नाही." त्याची अकरा तासांची शिफ्ट झाली होती. मी घड्याळ बघून म्हणालो होतो. भरपाई दिली, गेटवरची नोकरी दिली, आणि मग वीस महिने चौदा-चौदा तास प्रेसजवळ उभा राहिलो — माणसांना सांभाळायला नव्हे, त्या वाक्याची शिक्षा भोगायला. आणि शिक्षा भोगता भोगता तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या बेतात होतो. केयूरसमोर.

एवढं बोललो. रुमाल हलला नाही.

मग लक्षात आलं, घंटा झालीच नव्हती. चार वाजून सहा मिनिटं! वसंतला कधी एक मिनिट उशीर झालेला नाही. दार अर्धं उघडं होतं. मग घंटा वाजली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी सर्वांच्या आधी गेटवर गेलो आणि वसंतला तेच सगळं जागेपणी सांगितलं. इन्स्पेक्टरच्या कार्यालयात लिहून देणार आहे, हेही. तो रजिस्टरमध्ये तारीख घालत होता. डाव्या हाताने लिहितो, अक्षर अजून वाकडं. "लिहा," म्हणाला. मग टपरीवर हाक मारली, "दोन चहा!" एरवी एकच सांगतो.

२२ डिसेंबर, सोमवार

लिहून दिलं. पुढे काय होईल ते होईल. कारकून म्हणाला, "जुनी फाइल उकरायला कशाला आलात, साहेब?" रात्री रक्तदाब १३० वर ८४. मशीन बिघडलंय का म्हणून मोहनाचाही तपासला. तिचा माझ्याहून जास्त निघाला!

१५ जानेवारी, गुरुवार

कांचनबेन आल्या. लालजींना दोन्ही हातांनी उचललं, गालाला लावलं. "जाडा थया!" म्हणाल्या. पितळ कसं जाड होणार? पण मला अभिमान वाटला.

कार्यपद्धती दिली, आवृत्ती ४. त्या कौतुकाने वाचत होत्या, बाराव्या कलमाशी थांबल्या. "मशीन बंद? रोज त्रण कलाक?"

"हो ना, तीन तास. पोढल्यावर आवाज चालत नाही."

"एवुं कोणे कीधुं?" असं कोण म्हणालं? "मारा घरमां तो मिक्सर चाले, टीव्ही चाले. तमारा भाई घोरे, एनी सामे तमारी प्रेस शुं?"

यजमानांच्या घोरण्यापुढे माझी प्रेस काहीच नाही, म्हणे! बास्केट गेली. कपाटावर तेवढीच चौकोनी स्वच्छ जागा राहिली.

१६ जानेवारी, शुक्रवार

गेटवर वसंतला विचारलं, "आवाजाचा नियम कुणाचा?"

"माझा." मान वर केली नाही. पान उलटलं. "त्या दिवशी तीन नंबरवर झोपेत तुमचा हात आत जात होता, शेठ. माणसाने सांगितलेलं तुम्ही ऐकता कुठे?"

एक वाजत आला होता. बास्केट नाही, रुमाल नाही, निजवायला कुणी नाही. चारही प्रेस चालू. वसंत उठला, पॅनलपाशी गेला आणि तीन बोटांनी मेन स्विच खाली केला.

चिमण्या ऐकू यायला लागल्या. पुठ्ठ्याकडे बोट दाखवून मला म्हणाला, "पोढा."