ओढ्याकडची खिडकी

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तू जिंकलीस. इतकी वर्षं ‘शहरात माझ्याकडे ये, एकटा राहू नकोस’ म्हणत होतीस, तर आता येतोय. पाखरांवर लिहायला या खेड्यात येऊन राहिलो आणि यंदा पाखरंच गप्प झाली. शेपटी हलवणारा धोबी ओढ्यातल्या दगडावर बसतो, चोच उघडतो, पण आवाज नाही. शेतातली फवारणी भोवली असणार. यावरचा शेवटचा लेख तेवढा मासिकाला पाठवतो. आता इथे जीव रमत नाही.
लोभ आहेच, तो वाढव.
तुझा पाखऱ्या

९ मार्च
चि. पाखऱ्यास,
अ. उ. आ.
पत्र वाचलं आणि हातातलं शिवण टाकून आधी खोलीला रंग लावून घेतला. पडदेही शिवले. हे गेल्यापासून घर खायला उठतं, त्यामुळे तू येणार म्हणून किती बरं वाटलं ते काय सांगू.
पण लेख पाठवण्याआधी ऐक. गेल्या महिन्यात मी तुझ्याकडे होते ना? पहाटे ओढ्यावर असा कलकलाट, की मी डोक्यावर उशी घेतली. तुझा तो धोबी तर कोऱ्या कापडावर कात्री चालवावी तसा दोनदा वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. तुला सांगितलं तर नुसता हसलास. मला वाटलं, कौतुकाने हसतोयस.
गप्प बसले असते तर तू आला असतास. पण तसं आणलेलं माणूस मला नको. कान तपासून घे बाबा.
माया आहे तशीच.
ताई

१४ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुला कावळा आणि कबुतर यातला फरक कळत नाही आणि मला पाखरं शिकवतेस. शेजारची गाय हंबरते ते मला स्वच्छ ऐकू येतं. लेख उद्याच टाकतो. रागाने लिहितोय, तरी लोभ ठेव.
पाखऱ्या

२२ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
लेख घेऊन निघालो, तर पुलावर डाकवाली बाई सायकल थांबवून ओढ्याकडे बघत हसत होती. दगडावर धोबी बसला होता. कात्रीसारखं वाजतंय का, असं मी विचारलं. अगदी तसंच, दोनदा, असं ती म्हणाली. मला काहीच ऐकू आलं नाही.
मी तिथेच रडलो. ती बिचारी घाबरली. आनंदाने रडतोय हे तिला कसं पटवू? ताई, सगळी आहेत गं. माझेच कान गेलेत फक्त. डॉक्टर म्हणतात, जाडे आवाज उरलेत, बारीक गेले. यंत्र लावून थोडे परत येतील, सगळे नाहीत.
लेख फाडला. आता मी येत नाही. तू खोली रंगवलीस त्याचं फार वाईट वाटतं आणि मागच्या पत्राची लाजही वाटते. पण शिवणाचं मशीन घेऊन तूच इकडे ये. शिवण इथेही मिळेल, आणि पहाटे काय काय वाजलं ते मला चहाच्या वेळी सांगायला कोणीतरी हवं. कावळा-कबुतर मी शिकवीन.
पडदे आण. ओढ्याकडच्या खिडकीचं माप मागच्या पानावर दिलंय. लोभ मात्र मापून आणू नकोस.
तुझा
पाखऱ्या