महाडहून नाशिकला उशिरा पोहोचणारे श्लोक

महाड,
बुधवार

तीर्थस्वरूप शरददादांच्या चरणी विद्याधरचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी तीनच अंगे टेकली आहेत; उरलेली पाच पोहोचली असे धरून चालावे.)

तुमचा गुडघा काय म्हणतो? व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला वहिनींनीच चार व्यायाम शिकवून परत पाठवले असे कळले. ती मुलगी बरी आहे ना? इकडे सर्व क्षेम. ऊन असे आहे की बाजारपेठेत दुपारी उधारी मागणारेही फिरकत नाहीत.

पत्रास कारण तुमची सून. आपले सगळे गणगोत दर रविवारी आपापल्या घरून पडद्यावर जमून श्लोकांच्या भेंड्या खेळते, त्यात मी देवश्रीकडून लागोपाठ दोनदा हरलो. ती दातांची डॉक्टर. समोरच्याचे तोंड उघडे ठेवायचे आणि आपण एकटीने बोलायचे, हा तिचा रोजचा सराव. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अंतराबद्दल. पंच तुम्ही, दहापर्यंत मोजणार तुम्ही, आणि मोजणार नाशकात बसून. मी महाडात सातव्या आकड्याला तोंड उघडतो. तो श्लोक तुमच्याकडे उमटतो तेव्हा तुम्ही ‘दहा’ म्हणून चहाचा कप उचललेला असतो. आता येत्या रविवारी तिसरा डाव. लागोपाठ तीन हरेल तो वर्षभर श्रोता, त्याचा माईक बंद, हा नियम तुमचाच. (त्याला सर्वांत मोठ्याने अनुमोदन मी दिले होते, कारण तेव्हा हरत होते ते दुसरेच कोणीतरी.) पण दादा, पंचवीस वर्षे संस्कृत शिकवून मी श्रोता? शाळेत कळले तर नववीची मुले मलाच ‘श्रोतृ’ शब्द सातही विभक्त्यांत चालवायला लावतील.

तेव्हा रविवारच्या आत या विलंबाचा छडा लावायचा असे ठरवून प्रथम केबलवाल्या राजेशला बोलावले. तो पोलादपूरहून मोटारसायकलवर आला, मोबाईलवर कसलासा काटा फिरवला आणि म्हणाला, “सर, स्पीड तर फुल्ल हाय. पिंग जास्त हाय.” आता संस्कृतात पिंग म्हणजे पिवळट तांबूस, हे मला ठाऊक. मी केबल घरात शिरते तिथल्या डबीवरचे दिवे निरखले, तर त्यात खरोखरच एक पिवळट तांबूस दिवा निघाला. म्हटले, “आहे खरा पिंग. काढून टाका.” राजेश आमच्या चारुशीलेकडे वळून हलकेच म्हणाला, “बाई, सरांना उन्हाचा तरास हाय काय?” तिने त्याला चहा दिला आणि मला अर्थ: निरोप इकडून निघून त्याचे उत्तर परत येईपर्यंत जो वेळ जातो, तो पिंग. राजेश चहा पिऊन, “माझी लाईन क्लिअर हाय, घरातलं काय ते बघा,” असे सांगून निघून गेला.

इथून पुढे सूत्रे चारुशीलेने हाती घेतली, आणि दादा, तेव्हापासून मी आपल्याच बायकोकडे नव्याने बदलून आलेल्या मुख्याध्यापिकेकडे बघावे तसा बघतो आहे. तिने पहिला प्रश्न विचारला तो राउटर कुठे आहे हा. तुम्हाला माहीत आहे, ज्याने महाडचा पूर पाहिला तो मोलाची वस्तू खाली ठेवत नाही. मी राउटर माळ्यावर, आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, घराचे कागद आणि दोन पैठण्या यांच्या सोबतीला ठेवला होता. (वायरीपुरते झाकण किलकिले, मी अगदीच अव्यवहारी नाही.) लॅपटॉपला थेट वायर जोडून तिने वेळ मोजली. मग वायर काढून मोजली. मग ट्रंकेचे झाकण सताड उघडून, आणि शेवटी राउटर बाहेर काढून. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे जसेच्या तसे. (मी मध्येच पंखा बंद केला तर मला खोलीबाहेर काढण्यात आले.) ट्रंक असेल तर विलंब, नसेल तर अगदी थोडा! मी दारातून गहिवरून म्हणालो, “अगं, यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात! मी आयुष्यभर धूर आणि अग्नी घेऊन जे शिकवत आलो, ते तू पत्र्याची ट्रंक घेऊन सिद्ध केलंस!”

“बरं,” ती म्हणाली. “स्टूल धरा.”

दुसरी कोणी असती तर इथे थांबली असती. पण गणित शिकवणाऱ्या बाईला ‘अगदी थोडा’ हे उत्तर मान्य नसते. थोडा विलंब उरला होता आणि तो मधूनच भरतीसारखा चढत होता. मग तिने घरातली एकेक वस्तू इंटरनेटवरून तोडायला सुरुवात केली: टीव्ही, तिचा फोन, लॅपटॉपमधले काय काय. भरती ओसरेना. शेवटी तिने माझ्यापुढे हात केला आणि मी मुकाट्याने माझा फोन दिला. भरती जागच्या जागी ओसरली. झाले होते असे, की मी रोज सकाळी माझे श्लोकपठण ध्वनिचित्रित करून ठेवतो (पुढच्या पिढ्यांसाठी, त्यांनी अजून मागणी केलेली नाही), आणि फोन ते सगळे परस्पर कुठल्याशा दूरच्या कोठारात चढवत बसला होता. “स्पीड म्हणजे नुसती रस्त्याची रुंदी हो,” चारुशीला म्हणाली. “कशेडी घाटात पुढे कंटेनर रखडला की मागच्या मोटारसायकलीलाही त्याच्याच चालीने चढावं लागतं. तुमचे व्हिडिओ म्हणजे तो कंटेनर.” म्हणजे बघा, रविवारी माझा ताजा श्लोक माझ्याच शिळ्या श्लोकांच्या मागे रांगेत उभा राहत होता.

तिने फोनची ती खोड मोडली. राउटरच्या पोटात शिरून, जिवंत माणसाचे बोलणे आधी सोडावे आणि कंटेनर मागाहून, अशी शिस्त लावून दिली. हे तिला कुणी शिकवले असे विचारले तर म्हणाली, “वाचलं.” एवढेच! मी एखादे सूत्र वाचले की त्यावर आठवडाभर बोलतो. राजेश बिल न्यायला आला तेव्हा त्याने पुन्हा काटा फिरवून पाहिला आणि म्हणाला, “बाई, तुमी आमच्या ऑफिसात या गो एक दिवस. आमच्या पोरांना शिकवा.” या गृहस्थाने तिला ‘गो’ म्हटले आणि ती लाजली, हे मी प्रथमच पाहिले. आता शब्द माझ्या ओठांतून सुटला की तुमच्या कानी पडलाच म्हणून समजा. विलंब कसला तो राहिला नाही.

वहिनींना नमस्कार. देवश्रीला आशीर्वाद, विजयाचा सोडून बाकी सगळे.

तुमचा धाकटा मामेभाऊ,
विद्याधर

ता. क. वर ‘विलंब राहिला नाही’ असे लिहिले ते यंत्रापुरते समजावे. काल तुम्ही नसताना पडद्यावर सगळ्यांसमोर देवश्रीबरोबर सरावाचा एक डाव खेळलो. तिने नेमका ‘ढ’ आणून माझ्यापुढे ठेवला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, फक्त श्लोक नाही. पूर्वी मी असा बसलो की ती म्हणायची, “काकांचं नेट अडकलंय, थांबा जरा,” आणि दोन-चार आकड्यांची सवलत मिळून जायची. काल म्हणाली, “काका, नेट छान आहे हं. तुम्हीच अडकलाय.” ‘ढ’ कसा दिसतो हे मग सगळ्या गणगोताने बारकाव्यांसह पाहिले.

ता. क. २. पठणाच्या गती तीन: द्रुत, मध्यम आणि विलंबित. शिकणाऱ्याशी बोलताना विलंबितच धरावी असे आपले जुने लोक सांगून गेले, आणि माणूस जन्मभर शिकतच असतो हे तुम्हीच मला लहानपणी सांगितले आहे. तुमची मोजणी मात्र मला नेहमी द्रुत वाटत आली. रविवारी साताच्या पुढे विलंबित गती धरावी, आठ आणि नऊच्या मध्ये चष्मा पुसला तरी शास्त्राची हरकत नाही. गटावर लिहिले असते तर सूनबाईंनी वाचले असते, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने. (त्याचा पिंग किती ते विचारू नये.)

ता. क. ३. भावोजी, नमस्कार. पत्ता घालायला पाकीट माझ्याकडे आले, ते उघडेच होते. दहा म्हणजे दहाच, हे मी वर्गात शिकवते. आणि एवढी खपून मी जो उशीर घरातून बाहेर काढला, तो तुम्ही नाशकात पुन्हा आत घेऊ नये असेच मी खरे तर लिहायला हवे. पण हे तिकडे वर्षभर श्रोते झाले, तर इकडे श्रोता कोण होणार याचा विचार करा. तेव्हा साताच्या पुढे नको. तीनापासूनच हळू मोजा.
— चारुशीला