सुटलेलं टिंब

सोमवार, ३ तारीख
आज कामावर रुजू झाले. पाणथळीच्या राखीव जागेचं नोंदघर म्हणजे एक खोली, दोन खिडक्या, डुगडुगणारं टेबल आणि समोर नुसतं पाणी. पाण्यावरून फळ्यांची वाट पक्षी पाहायच्या खोपटापर्यंत जाते. तिथल्या पेटीत लोक चिठ्ठ्या टाकतात: काय दिसलं, किती, काय करत होतं. चिठ्ठी आहे तशी रजिस्टरात उतरवायची, मग बाहेरच्या फळ्यावर. आजच्या नोंदी: टिबुकल्या चौदा, खंड्या एक, पाणमांजरं दोन, मागे पिल्लू. हे गेल्याला तीन वर्षं झाली. इतकं मोकळं आज पहिल्यांदा वाटलं.

मुलाखतीत साहेबांनी तीनदा विचारलं होतं, मागे कोण आहे. लेक आहे, तिच्या घरी, असं सांगितलं, तर म्हणाले, म्हणजे एकट्याच.

माझ्या आधीच्या बाईंचं काय झालं ते रजिस्टरातच आहे, साहेबांच्या अक्षरात: 'आपल्या माणसाकडे गेली.' 'सा'वरचं टिंब सुटलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण वाचून वाचून शुद्धलेखन पक्कं केलंय. राहवलं नाही. दिलं टिंब. माणसांकडे.

बुधवार, ५
पेटीत एक ओलसर चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली: 'मादी, १. एकटी. राखाडी. डावा पाय आखडता.' पक्ष्याचं नाव नाही. साहेब म्हणाले, आहे तसं उतरवा. उतरवताना मोठ्याने वाचलं, तर इथल्या नावाड्याने चेष्टा केली, की मावशी, राखाडी शाल तर तुमचीच, फळ्यावर स्वतःलाच चढवलंत की. मीही हसले. पाय मात्र माझाही डावाच आखडतो.

शनिवार, ८
'मादी, १. उजवीकडून हाक मारली तर वळत नाही.'

माझा उजवा कान लहानपणीच गेला. इथे कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना माहीत होतं. नेहमी डाव्या बाजूला येऊन बोलायचे.

नावाड्यावर संशय आला. हजेरीवर सही मागितली तर त्याने अंगठा पुढे केला. म्हणाला, मावशी, तुम्हीच शिकवा आता. मग साहेब? त्यांचं अक्षर तिरकं, चिठ्ठीतलं उभं. पण चिठ्ठी पुढे धरली तेव्हा त्यांनी ती वाचलीच नाही. न वाचताच म्हणाले, उतरवा.

मंगळवार, ११
साहेब फेरीवर गेल्यावर रजिस्टराची मागची पानं चाळली. आधीच्या बाईंच्या शेवटच्या महिन्यात तसल्याच नोंदी. मादी, १. मादी, १. सगळ्यात शेवटी 'जोडी, १.' आणि लगेच खाली साहेबांची ती ओळ.

नावाड्याला विचारलं, बाईंची माणसं कुठली? त्याने पाण्याकडे पाहिलं. म्हणाला, माणसं कसली, मावशी, कुणीच नव्हतं. एक नवरा, तोही इथे यायच्या आधीच वारलेला.

टिंब सुटलं नव्हतं.

बुधवार, १२
लेकीला फोन केला. उद्या सकाळी न्यायला येते म्हणाली. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, उद्याचं उद्या. पेटी तेवढी उघडा.

नाही उघडली. अर्ध्या वाटेवरून परत फिरले. फळ्यांवर ओली पावलं, अनवाणी — खोपटाकडून इकडे येतानाची — जातानाची नाहीत —

गुरुवार, १३
फाटकाशी लेकीची गाडी.
रजिस्टर उघडंच होतं. पेन्सिलीने 'जोडी, १.', आणि त्याखाली साहेबांची ओळ — आजची तारीख, माझ्या नावापुढे — शाई ओली — 'आपल्या माणसाकडे गेली.'

टिंब द्यायचं. एवढंच. लेकीकडे जायचं, आपल्या माणसांकडे —

ती उजव्या खिडकीशी आलीय. तोंड हलतंय. हाक मारतेय — मला ऐकू येत नाही —

पेन टेकवलं, आणि डाव्या बाजूला कुणीतरी येऊन