एकशे अठ्ठावीस नंबरची पंचेचाळीस मिनिटं

ब्रेशा, २९ एप्रिल १९५३

चि. एर्मेते यास,
क्लेलियाताईचे अनेक आशीर्वाद.

तू मोदेनाला सुखरूप पोचलास, कळलं. आता एका प्रश्नाचं खरं उत्तर दे. हजार मैलांच्या शर्यतीत गाडीवरचा नंबर म्हणजे सुटायची वेळ, हे मला तूच शिकवलंस. तुमचा १२८, म्हणजे रात्री एक अठ्ठावीसला सुटलात. तुमचं शिक्क्यांचं कार्ड यांच्या कोटात सापडलं. पार रोमपर्यंत सगळं घड्याळासारखं. मग फ्लोरेन्सचा शिक्का बारा पन्नासचा आणि बोलोन्याचा थेट तीन पाचचा! तो घाट तू दीड तासात ओलांडतोस. मग मधली पंचेचाळीस मिनिटं गेली कुठं?

तुला विचारलं तर "वेळ लागला" म्हणालास आणि छताकडे बघत बसलास. हे म्हणाले टायर फुटलं. सुट्या चाकांवर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती. मग मी जरा आवाज चढवला, तेव्हा यांनी कबूल केलं, की घाटमाथ्याजवळ आर्जाच्या खाणावळीत बसून खिम्याच्या रश्शातल्या तालियातेल्ले शेवयांच्या दोन ताटल्या चापल्या. डॉक्टरांनी यांना तूप-मांस बंद केलंय हे तुला माहीत नव्हतं? परवापासून यांना उकडलेला भोपळा चालू आहे. महिनाभर चालेल.

तुमच्या गाड्यांच्या गटात पाचवे आलात, त्याचं पदक यांनी संत अंतोनीच्या तसबिरीखाली टांगलंय. दूधवाल्यालासुद्धा आत बोलावून दाखवतात. ती पंचेचाळीस मिनिटं नसती तर कदाचित कप मिळाला असता. कपाटावर मी जागासुद्धा करून ठेवली होती.

तब्येतीला जप. रागावले तरी तुझीच,
क्लेलिया


मोदेना, ३ मे १९५३

ती. क्लेलियाताईस,
एर्मेतेचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि आज देवळातल्या मिस्सेत माझं लक्ष लागलं नाही. ताई, दाजींचा भोपळा आधी बंद कर. त्यांनी एक शेवईसुद्धा खाल्ली नाही. माझं गुपित राखायला त्यांनी न केलेलं पाप कबूल केलं. असा माणूस तुला मिळाला, याबद्दल एखादी मेणबत्ती लाव.

आता खरं सांगतो. तुझी शाळेतली मैत्रीण आर्जा विधवा झाल्याला सात वर्षं झाली. घाटमाथ्याच्या अलीकडे ती पंप आणि खाणावळ एकटी चालवते. गेल्या चार शर्यतींत त्या वळणावर मी दरवेळी पाय ढिला केला आणि दरवेळी हिंमत न होऊन पुढं निघून गेलो. यंदा थांबलो. टाकीत पेट्रोल होतं, थांबायचं काही कारण नव्हतं. दाजींना सांगितलं, दोन मिनिटं. खिडकीतूनच आर्जाला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का. ती हात पुसत म्हणाली, की इंजिन चालू ठेवून विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही.

तिचं बरोबर होतं. मी इंजिन बंद केलं. रोमनंतर स्टार्टर गेला होता, म्हणून इंजिन बंद करायचंच नाही असं आमचं ठरलं होतं, हे नंतर आठवलं. दाजींनी कपाळावर हात मारला.

मोठ्या कारखानदारांचे मेकॅनिक दर शंभर मैलांवर उभे असतात. बाबांनी घोडागाड्या सोडून मोटारींचे पत्रे ठोकायला घेतले, तेव्हापासून आपल्याकडे माणसं म्हणजे घरची दोन. बाहेरच्यानं गाडीला हात लावला तर नाव बाद. त्यामुळे माथ्यापर्यंतच्या चढावर गाडी दाजींनी एकट्यानं ढकलली. मिस्सा सुटलेली, अख्खं गाव कडेनं उभं राहून सल्ले देत होतं. पाद्रीबाबा म्हणाले, पोट आत घ्या. मी स्टिअरिंग धरून समोर बघत होतो. आरसा थरथरून वाटेतच पडला होता. माथ्यावरून गाडी घरंगळली, इंजिन लागलं, दाजी धावत येऊन आत पडले.

आर्जाचं उत्तर मात्र आलं नाही. एक शब्दही नाही. नाही म्हणणं तिला जड गेलं असेल. देवाच्या मनात असेल तसं. एकोणपन्नासाव्या वर्षी हट्ट शोभत नाही. हे कोणाला सांगू नकोस, तिला तर मुळीच नको.

लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझा एर्मेते


ब्रेशा, ६ मे १९५३

प्रिय आर्जा हिस,
क्लेलियाचा प्रेमाचा नमस्कार.

मला एक गोष्ट तुला सांगू नकोस असं बजावलंय, म्हणून लगेच लिहायला बसले. आमच्या एर्मेतेनं तुला जे विचारलं, त्याला तू उत्तर का दिलं नाहीस? नको असेल तर नको म्हण. गडी रोज संध्याकाळी देवळात जाऊन बसतो. मोदेनाच्या पाद्रीबाबांना वाटतंय, त्याला संन्यास घ्यायचाय. तू शाळेतही अशीच होतीस. उत्तर येत असून बाईंना तिष्ठत ठेवायचीस.

उलट टपाली लिही. पंपावर गिऱ्हाईक असलं तरी.
तुझीच क्लेलिया


मोन्तेराद्दो, १० मे १९५३

प्रिय क्लेलिया,
आर्जाचा तितक्याच प्रेमाचा नमस्कार, आणि थोडा राग.

उत्तर दिलं नाही म्हणतोस काय, असं त्यालाच विचार! माथ्याच्या अलीकडे दोनशे पावलांवर तुझ्या नवऱ्याचा दम संपला. गाडी मागं यायला लागली. गाव बघत राहिलं. मी रविवारचे बूट घालून होते. ॲप्रन फेकला आणि खांदा लावला. दोनशे पावलं, क्लेलिया! एका बुटाची टाच गेली, खांद्यावर अजून काळंनिळं आहे. ज्याला नकार द्यायचा त्याची गाडी कोणी चढावर ढकलतं का? पाद्रीबाबा सगळ्यांना म्हणाले, लोकहो, डोंगराकडे बघा. गावानं डोंगराकडे बघितलं.

तुझे गौदेन्सियो धापा टाकत मला म्हणाले, की हे एर्मेतेला कळू देऊ नकोस, तो सरळ जाऊन पंचांना सांगेल आणि नाव बाद होईल. मी म्हटलं, मागं वळून बघेल तर त्यालाच कळेल. त्यानं बघितलंच नाही.

येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा मी भिंतीवर खडूनं लिहिते. १२८ आली किती वाजता, ते लिहिलंय. गेली किती वाजता, ती जागा रिकामी ठेवलीय. पंधरा दिवस झाले.

तुझी, वाट बघत असलेली,
आर्जा


ब्रेशा, १३ मे १९५३

चि. एर्मेते यास, आशीर्वाद.

आर्जाचं पत्र सोबत जोडलंय. आधी बस, मग वाच.

हे काल गुडघ्यांवर आले होते. म्हणाले, एवढं पत्र धाडू नकोस, पदक हातचं जाईल; लग्न काय, पुढच्या शर्यतीतही जमेल. मी पुन्हा भोपळा चिरायला घेतला. मग यांनी स्वतःच पदक भिंतीवरून काढलं, चष्मा पुसतात तसं रुमालानं तीनदा पुसलं आणि या पाकिटात घातलं. ते कुठं पाठवायचं ते तू जाणतोसच.

तुझी ताई


मोदेना, १७ मे १९५३

ती. ताईस व दाजींस नमस्कार.

आर्जाचं पत्र सतरा वेळा वाचलं. पदक काल रजिस्टर टपालानं पंचांकडे परत केलं. सोबत लिहिलं, की गाडीला बाहेरच्या एका व्यक्तीचा खांदा लागला, तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, आणि ती व्यक्ती यापुढे बाहेरची राहणार नाही, अशी आशा आहे. नाव बाद होईल. व्हावंच. दाजींना म्हणावं, लग्नात पहिल्या दोन ताटल्या तुमच्या. त्यांची शिक्षा तुम्ही आधीच भोगली आहे.

आर्जाच्या बुटाला टाच बसवायला मोची गाठायचाय, म्हणून तो बूट मागून घेईन. आत्ता बसस्टँडवरून लिहितोय. बोलोन्यावरून घाटात जाणारी बस इथून दहाला सुटते. या खेपेला मुद्दाम बसनं निघालोय. बंद करायला माझ्याकडे काहीच नाही, आणि मागं बघायला पूर्ण काच आहे.

तुमची माया पाठीशी असू द्या, ढकलायला उपयोगी पडते.
एर्मेते