बोइटाच्या पोटातला चिखल

मंगळ., सप्तमी
सांगतेय मी, लिहितेय नात प्राची. गाळलंस तर तोंडावरून कळेल मला.
आज घोळ केला. तिला कॉलेजच्या अभ्यासाला खाडीतली बोइटं हवी होती. किनाऱ्यावरच्या पालीहून माझ्या धाकट्या भावाने, हिराजीने, पाच धाडली. मी चाळीस वर्षं मासळीबाजारात बसलेली. हात गप्प बसतो? खवलं काढली, पोटं साफ केली, आतडी मांजरीला.
प्राची आली. "आजी, मला आतडीच हवी होती गं!"
मग मासा कशाला मागवलास, म्हटलं. हसली नाही.

बुध., अष्टमी
धड जेवली नाही. मीपण. ते लिहू नकोस.
पुढच्या गुरुवारी वही द्यायचीय. भरल्या पोटाची निदान चार बोइटं मापायला हवीत. हिराजी म्हणतो, "ताई, आता भांग हाय, मेलेली भरती. पाणी चढत न्हाय, बोईट आत शिरत न्हाय. अवसेपर्यंत थांब."
अवस बुधवारी. म्हणजे एकच दिवस हातात.

शनि., एकादशी
उपास. विचारलं, चिखल खाऊन हा मासा गुबगुबीत कसा?
म्हणाली, चिखलात कुजका पाला, शेवाळ. पोटातल्या कडक गोट्यात वाळू फिरते, त्यात सगळं दळलं जातं. मग लांबलचक आतडं सावकाश शोषून घेतं. वाळू बाहेर.
म्हणजे पोटातच दळायचं जातं! तो गोटा मी जन्मभर फेकला. इथे माझे दात पडले, मला नाही कुणी बसवून दिलं.
हसली एकदाची.

सोम., त्रयोदशी
हिराजीला तीनदा फोन. "मासा काय फोनमधी हाय काय, ताई?"
जेसल पार्कच्या या खिडकीतून नुसत्या बिल्डिंगी, खाडी दिसत नाही. तरी उठून उठून बघते.

बुध., अवस
उधाण. हिराजी स्वतः आला. बर्फात पाच, अख्खी. आत येत प्राचीला म्हणाला, "आधी आजीची सुरी लपव."
पहिलं तिने उघडलं. आतडं तुटलं. मग कात्री माझ्यापुढे. "तू काढ, आजी."
तीन काढली. वेटोळी न तोडता, चिखलासकट. तिने शिवणाच्या टेपवर मापली.
आता शेवटचं. हे भरलेलं निघालं तरच चार. अंगठ्याने चाचपतेय. पोट सैल लागतंय, रिकामं की काय. गोट्यात मात्र काहीतरी करकरतंय… की माझंच बोट?
पेन ठेव. टेप धर.