भुजंगचं हसू

१ डिसेंबर १९४१
सेलूला रेल्वेतून उतरून पुढं तीन कोस बैलगाडीनं आलो. दोन्ही अंगांना हुरड्याला आलेली ज्वारी. सरकारी डॉक्टर म्हणून ही पहिलीच नेमणूक. दवाखाना लहान, चारच खाटा, पण भिंतींना नवा चुना. इथली आया बानूबाई हिनं भाकरी अन् अंबाडीची भाजी आणून दिली. गाव आवडलं. आईला तसं पत्र टाकलं.

३ डिसेंबर
गावच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रात, भुजंग नावाच्या मजुराचा हात गेला. दोन बोटं काढावी लागली. क्लोरोफॉर्म जेमतेम पुरला. जखम घट्ट शिवली. त्याची बायको मनकर्णा माझ्या पायाच पडली. धनुर्वाताची लस कपाटात नव्हती. जिल्ह्याला तार केली.

५ डिसेंबर
जिनिंगचेच आणखी दोघे. तेही शिवले. जखमा पुसायचा, पट्ट्यांचा कापूस तिथलाच, खाली सांडलेला, फुकट मिळतो. बानूबाई उकळून वाळवते.

१० डिसेंबर
मनकर्णा सकाळीच पळत आली. "डाक्टरसाब, त्यो हसायलाय! बरा झाला बगा!"
मी गेलो. ओठ ताणलेले, दात बाहेर, डोळे भेदरलेले. जबडा उघडेना. हसू नव्हे, धनुर्वात.

१२ डिसेंबर
उरलेले दोघंही हसू लागलेत. उजेड सोसत नाही, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. जिनिंगचा भोंगा झाला की तिघं एकदम कमानीसारखे वाकतात. खाटा खडखडतात. भोंगा थांबवा म्हणून मालकाला विनवलं. ऐन हंगाम आहे, म्हणाला.
टाके उसवताना कात्री माझ्याच अंगठ्यात घुसली.

१४ डिसेंबर
भुजंग गेला. चेहरा तसाच. मनकर्णेनं विचारलं, हसत गेला म्हणजे सुखानं गेला ना? मी हो म्हणालो.
तारेचं उत्तर आलं. लस लढाईवर गेली आहे.

१५ डिसेंबर
पट्ट्यांच्या कापसाचा गठ्ठा उलगडला. आत माती, शेण. धनुर्वाताचं बी नुसतं उकळून मरत नाही, अन् बंद जखमेत वाढतं. मला शिकवलं होतं हे. मीच ते आत घालून शिवलं.

१८ डिसेंबर
दोघंही गेले. माझी मान अवघडली आहे. थंडीनं असेल. भाकरी चावताना —

१९ डिसेंबर
बानूबाई माझ्याकडं बघून मागं सरकली. आरसा मागितला. देईना.

२० डिसेंबर
बोलता येत नाही. जिनिंगवरची एक मजूरबाई आणलीय, हात कोपरापर्यंत फाटलेला — बानूबाई सुई ओवते आहे. मी केलं तसंच करणार. तिला वाचता येत नाही. तरी लिहितो — शिवू नको. जखम उघडी —